पॅनेल लावण्याआधी आणि लावल्यानंतर: लाल पेशींवरील अँटीबॉडी ओळखण्याची क्रमवार पद्धत

अँटीबॉडीच्या प्राथमिक तपासणीत, म्हणजे स्क्रीनिंगमध्ये, एक पेशी पॉझिटिव्ह आली की लगेच अकरा पेशींचे पॅनेल (ज्यांवरील अँटिजेन आधीच माहीत आहेत अशा पेशींचा संच) लावायचे, ज्या अँटिजेनचा (लाल पेशीवरील खुणेचा) रकाना आलेल्या रिॲक्शनशी जुळतो त्याचे नाव रजिस्टरमध्ये लिहायचे आणि तो अँटिजेन नसलेली, म्हणजे निगेटिव्ह, पिशवी शोधायला लागायचे, असा क्रम अनेक तंत्रज्ञांच्या हातात बसलेला आहे. मराठवाड्यातील रक्तपेढ्यांमधल्या सहकाऱ्यांना शिकवताना मला हाच क्रम वारंवार दिसतो आणि चुकांची सुरुवातही याच्यापासूनच होते. जुळणारा रकाना सापडला म्हणजे अर्धेच काम झाले. रुग्णाच्या प्लाझ्मात (रक्तातील द्रव भागात) आणखी कोणती अँटीबॉडी (अँटिजेनला चिकटणारे प्रथिन) लपलेली नाही, हे सिद्ध केल्याशिवाय पहिल्या नावाला अर्थ येत नाही, आणि ते सिद्ध करण्याचे काम पॉझिटिव्ह नळ्यांपेक्षा निगेटिव्ह नळ्या अधिक करतात. पुढील सारी मांडणी याच सूत्राभोवती आहे.

अक्षरांविषयी आधीच सांगतो. आरएच गटातील मोठा सी आणि लहान सी, मोठा ई आणि लहान ई, तसेच एमएनएस गटातील मोठा एस आणि लहान एस हे पूर्णपणे वेगळे अँटिजेन आहेत. फोनवर "सी निगेटिव्ह पिशवी हवी" एवढेच सांगितले तर समोरचा सहकारी नेमकी उलटी पिशवी काढून ठेवू शकतो. म्हणून बोलताना आणि लिहिताना "मोठा" किंवा "लहान" हा शब्द कधीही गाळू नये.

पूर्वतयारी: टेबलावर काय हवे आणि खोली कशी हवी

पॅनेलच्या पेशी, त्याच लॉटचा अँटिग्रॅम (कोणत्या पेशीवर कोणते अँटिजेन आहेत याचा तक्ता), जेल कार्ड किंवा काचेच्या नळ्या, सलाईन, लिस (रिॲक्शन लवकर घडवणारे कमी क्षाराचे द्रावण), कूम्ब्स सीरम (पेशींवर चिकटलेली अँटीबॉडी दाखवणारे अभिकर्मक), कूम्ब्स कंट्रोल पेशी (आधीच अँटीबॉडी चिकटवलेल्या) आणि रुग्णाचा ईडीटीएमधील ताजा नमुना एवढे साहित्य कामाला बसण्यापूर्वी समोर असावे. अँटिग्रॅमवरील लॉट क्रमांक बाटलीवरील लॉट क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावा. ड्रॉवरमध्ये मागच्या महिन्याचा अँटिग्रॅम पडून राहिलेला असतो आणि घाईत तोच हाती येतो. रिॲक्शन सगळ्या बरोबर असूनही नाव चुकीचे लागते ते अशा वेळी, आणि पुढे कुणी तपासले तरी ही चूक सहसा लक्षात येत नाही, कारण कागद आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले दिसतात.

पॅनेलच्या पेशी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कुरिअरचा खोका दुपारभर गाडीत तापतो आणि वीज गेली की फ्रिजचे तापमान चढते. म्हणून खोका आल्याबरोबर प्रत्येक बाटलीतील पेशी खाली बसू देऊन वरचे द्रव पाहावे. ते स्वच्छ असावे. स्पष्ट लालसर दिसत असेल, किंवा पेशी तपकिरी झाल्या असतील, तर ती बाटली निकालासाठी वापरू नये.

खोलीच्या तापमानाचा मुद्दा मराठवाड्यात फार महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. तपासणीतील "रूम टेंपरेचर" म्हणजे साधारण 20 ते 24 अंश. मे महिन्यात वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत हा टप्पा केला तर तो प्रत्यक्षात 37 अंशांच्या जवळ होतो आणि अँटी-एम, अँटी-पी1, अँटी-लुईस यांसारख्या थंड तापमानाला काम करणाऱ्या अँटीबॉडी दिसतच नाहीत. याउलट परभणीच्या डिसेंबरमधील पहाटे, पारा 10 अंशांखाली असताना, तीच तपासणी केली तर निरुपद्रवी थंड अँटीबॉडी सर्व नळ्यांमध्ये गुठळ्या करून गोंधळ उडवतात. भिंतीवर थर्मामीटर लावावा आणि तपासणीच्या नोंदीत खोलीचे तापमान लिहावे.

टप्पा 1: रुग्णाचा इतिहास, नमुना घेण्याआधी

पॅनेलचा अर्थ इतिहासाशिवाय लागत नाही. वय, निदान, पूर्वी मिळालेले रक्त, गर्भारपणे, अँटी-डीचे इंजेक्शन, चालू औषधे आणि पूर्वीच्या कोणत्याही रक्तपेढीतील नोंद या सात गोष्टी फॉर्मवर असल्याच पाहिजेत. मात्र फॉर्मवर "ट्रान्सफ्यूजन हिस्टरी: निल" असे लिहिलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये आणि नातेवाइकाला स्वतः विचारावे. गावाकडचा माणूस "बाटली लावली होती" म्हणतो तेव्हा ती सलाईनची असू शकते आणि रक्ताचीही असू शकते. "लाल पिशवी लावली होती का, आणि कुठल्या दवाखान्यात?" असा नेमका प्रश्न विचारला की उत्तर नेमके मिळते. स्त्रीला "किती मुलं?" असे विचारून भागत नाही, दिवस राहून पडले होते का, हेही हळुवारपणे आणि शक्यतो एकांतात विचारावे, कारण गर्भपातानेही अँटीबॉडी तयार होऊ शकते. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या गरोदर स्त्रीने अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचे इंजेक्शन घेतले असेल तर तिच्या प्लाझ्मात ते काही आठवडे, कधी काही महिने दिसते. ती तिच्या शरीराने तयार केलेली अँटीबॉडी नसते. हे न विचारता "अँटी-डी पॉझिटिव्ह" असा रिपोर्ट दिला तर प्रसूतीनंतरचे आवश्यक इंजेक्शन नाकारले जाण्याचा धोका उभा राहतो.

बीड, जालना, परभणी भागातील ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत इतिहास घेणे विशेष कठीण असते. प्रसूती किंवा अपघात कारखान्याच्या पट्ट्यात होतो, रक्त तिथल्या एखाद्या दवाखान्यात दिले जाते, कागद तिथेच राहतात आणि वर्षभराने तोच रुग्ण आपल्या समोर येतो. किड गटाच्या (जेके-ए आणि जेके-बी या अँटिजेनच्या) अँटीबॉडी तर काही महिन्यांत इतक्या क्षीण होतात की स्क्रीनिंग निगेटिव्ह येते, आणि त्या अँटिजेनचे रक्त पुन्हा दिले की काही दिवसांत उसळून वर येतात व दिलेल्या पेशी फोडतात. त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातील रक्तपेढीला केलेला एक फोन कधी कधी पॅनेलपेक्षा जास्त सांगून जातो.

नमुन्याबाबत नियम सरळ आहे. गेल्या 3 महिन्यांत रक्त मिळाले असेल किंवा स्त्री गरोदर असेल, किंवा याविषयी खात्री नसेल, तर नमुना 3 दिवसांपेक्षा जुना चालत नाही. नमुना घेण्याचा दिवस शून्यावा धरावा.

*तपासणी:* नळीवरचे नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि नमुना घेणाऱ्याची सही फॉर्मशी जुळली नाही, तर नळीवर खाडाखोड करून दुरुस्ती करू नये, नवा नमुना मागवावा.

टप्पा 2: रक्तगट पुन्हा, ऑटो कंट्रोल आणि डीसीटी

पॅनेलच्या सर्व पेशी ओ गटाच्या असतात. त्यामुळे रक्तगट पुढून (रुग्णाच्या पेशींवरून) आणि मागून (त्याच्या प्लाझ्मावरून), दोन्ही बाजूंनी जुळलेला असणे आवश्यक आहे. मागच्या गटतपासणीत ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशीही लावावी. अनेक ठिकाणी ती बचत म्हणून वगळली जाते. महाराष्ट्रात ही बचत परवडणारी नाही, आणि त्याचे कारण नवव्या टप्प्यात येईल.

ऑटो कंट्रोल म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा आणि रुग्णाच्याच पेशी. तो पॅनेलबरोबर, त्याच पद्धतीने, त्याच वेळी लावायचा असतो. कार्डातील एक खाना वाचवण्यासाठी तो गाळला तर ॲलोअँटीबॉडी (परक्या पेशींविरुद्धची) आणि ऑटोअँटीबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धची) यांत फरक करण्याचे साधनच हातातून जाते. ऑटो कंट्रोल पॉझिटिव्ह आला तर डीसीटी (रुग्णाच्या पेशींवर शरीरातच काही चिकटले आहे का, हे पाहणारी थेट कूम्ब्स चाचणी) करावी आणि पेशींवर आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) आहे, कॉम्प्लिमेंट सी3 (रक्तातील दुसरे प्रथिन) आहे की दोन्ही, हे एकेकच घटक ओळखणाऱ्या मोनोस्पेसिफिक अभिकर्मकांनी पाहावे.

*सावधान:* गेल्या काही आठवड्यांत रक्त मिळालेल्या रुग्णाचा ऑटो कंट्रोल पॉझिटिव्ह आला म्हणून ती ऑटोअँटीबॉडीच आहे असे धरू नये. त्याच्या नळीत त्याच्या पेशींबरोबर दात्याच्याही पेशी असतात आणि अँटीबॉडी त्यांच्यावर चिकटलेली असू शकते. अशा वेळी मिक्स्ड फील्ड (काही पेशी जुळलेल्या, काही मोकळ्या) दिसते का ते पाहावे आणि इल्युशनचा (पेशींवर चिकटलेली अँटीबॉडी सोडवून तपासण्याचा) विचार करावा.

टप्पा 3: पॅनेल लावणे

जेल कार्डात साधारणपणे 0.8 टक्के पेशींचे 50 मायक्रोलिटर आणि प्लाझ्माचे 25 मायक्रोलिटर, मग 37 अंशांवर 15 मिनिटे आणि त्यानंतर कार्डाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये 10 मिनिटे, अशी पद्धत असते. किटच्या माहितीपत्रकात वेगळे लिहिले असेल तर तेच पाळावे. नळीसाठी बनवलेल्या 3 ते 5 टक्के पेशी थेट जेलमध्ये टाकणे ही नेहमी घडणारी चूक आहे. पेशी जास्त झाल्या की अशक्त अँटीबॉडी त्यांच्यावर विखुरली जाते आणि रिॲक्शन फिकी किंवा निगेटिव्ह दिसते. दुसरी चूक पिपेटच्या टोकाची आहे. ते जेलच्या पृष्ठभागाला टेकले की वरचा आणि खालचा भाग एकमेकांत मिसळतो. आधी पेशी, नंतर प्लाझ्मा, आणि दोन्ही वरच्या कप्प्यातच राहतील याची काळजी घ्यावी.

नळीच्या पद्धतीत प्लाझ्माचे दोन थेंब आणि पेशींचा एक थेंब घेऊन आधी लगेच फिरवून वाचावे, मग 37 अंशांवर ठेवावे आणि शेवटी कूम्ब्स टप्पा करावा. लिस वापरले तर 10 ते 15 मिनिटे पुरतात, काहीच वापरले नाही तर 30 ते 60 मिनिटे लागतात. कूम्ब्स सीरम टाकण्याआधीच्या धुण्यावर सर्वाधिक मेहनत घ्यावी. तीन-चार वेळा धुणे म्हणजे दर वेळी नळी सलाईनने भरणे, पेशी पूर्ण मोकळ्या करणे आणि वरचे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढणे. मागे राहिलेल्या प्लाझ्मातील थोडेसे आयजीजीसुद्धा कूम्ब्स सीरम निष्प्रभ करते आणि खोटा निगेटिव्ह निकाल देते.

*तपासणी:* नळीतील प्रत्येक निगेटिव्ह कूम्ब्स निकालात कूम्ब्स कंट्रोल पेशी टाकाव्यात आणि त्या जुळून (एकमेकींना चिकटून गुठळी होऊन) आल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर ती नळी निगेटिव्ह नाही, ती झालेलीच नाही, असे समजून पहिल्यापासून पुन्हा करावी.

टप्पा 4: वाचणे आणि लिहिणे

प्रत्येक पेशीसमोर, प्रत्येक टप्प्यासाठी, रिॲक्शनची ताकद 4+ पासून अगदी फिक्या पॉझिटिव्हपर्यंत लिहावी. नुसते "पॉझिटिव्ह" लिहू नये. ताकदीतील चढउतार ही या तपासणीतील सर्वांत बोलकी माहिती आहे. सर्व रिॲक्शन सारख्या ताकदीच्या असतील तर एकच अँटीबॉडी असण्याची शक्यता जास्त, वेगवेगळ्या ताकदीच्या असतील तर एकाहून अधिक अँटीबॉडी किंवा डोस परिणाम (पुढच्या टप्प्यात पाहू) यांचा संशय घ्यावा. निकाल जसजसा वाचला तसतसा लिहावा. सर्व कार्डे वाचून झाल्यावर आठवणीतून लिहिणारा माणूस नकळत स्वतःच्या अंदाजाला सोयीचे आकडे लिहून जातो, आणि हे अनुभवी माणसाकडूनही होते.

टप्पा 5: वगळणे, या कामाचा कणा

आता पॉझिटिव्ह पेशींकडे पाहू नये. फक्त त्या पेशी घ्याव्यात ज्या सर्व टप्प्यांवर निगेटिव्ह आल्या आहेत. अशा प्रत्येक पेशीवर जे अँटिजेन आहेत त्यांच्याविरुद्धची अँटीबॉडी रुग्णात नाही असे मानून अँटिग्रॅमच्या वरच्या ओळीत ते अँटिजेन खोडत जावे. पण इथे एक अट आहे आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते. काही अँटिजेनच्या बाबतीत पेशीवर दोन्ही गुणसूत्रांकडून तोच अँटिजेन आला असेल तर, म्हणजे डबल डोस असेल तर, रिॲक्शन जोरदार येते, आणि एकेरी डोस असेल तर ती क्षीण किंवा शून्य येऊ शकते. मोठा व लहान सी, मोठा व लहान ई, किड, डफी आणि एमएनएस गटांतील अँटिजेन असे वागतात. त्यामुळे जेके-ए वगळायचा असेल तर निगेटिव्ह आलेली पेशी जेके-ए पॉझिटिव्ह आणि जेके-बी निगेटिव्ह असली पाहिजे. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्या पेशीवरून जेके-ए खोडला तर ते वगळणे कच्चे राहते. डी अँटिजेनला ही अट लागत नाही, आणि केल गटातील के (मोठा के) हा अँटिजेन क्वचित आढळत असल्याने त्याची डबल डोस पेशी पॅनेलमध्ये सहसा नसते, तेथे एकेरी डोसच्या पेशीवर वगळण्याची पद्धत बहुतेक प्रयोगशाळांनी मान्य केली आहे.

शिकवताना मी वापरतो ते उदाहरण घेऊ. गेवराईकडची तीस वर्षांची ए पॉझिटिव्ह स्त्री तिसऱ्या प्रसूतीसाठी दाखल आहे असे समजा. दुसऱ्या प्रसूतीत तिला दोन पिशव्या रक्त मिळाले होते आणि त्याला तीन वर्षे झाली आहेत. अकरा पेशींच्या पॅनेलमध्ये कूम्ब्स टप्प्यावर तिसरी पेशी 3+, सहावी 2+, आठवी व दहावी 1+ आल्या, बाकी सर्व आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह. तिसरी आणि सहावी या दोनच पेशी मोठा ई पॉझिटिव्ह आहेत, पैकी तिसरी डबल डोसची. घाईत वाचणारा इथे "अँटी-मोठा ई" लिहितो आणि आठव्या-दहाव्या पेशीच्या 1+ ला "डोसमुळे फिके" म्हणून सोडून देतो. पण आठव्या आणि दहाव्या पेशीवर मोठा ई मुळीच नाही. जिथे अँटिजेनच नाही तिथे डोस कुठून येणार? अँटिग्रॅम नीट पाहिला तर या दोन्ही पेशी जेके-ए पॉझिटिव्ह, जेके-बी निगेटिव्ह निघतात, आणि ज्या पेशींवर जेके-ए एकेरी आहे त्या निगेटिव्ह आलेल्या दिसतात. म्हणजे अँटी-मोठा ई च्या आड अँटी-जेके-ए बसलेली आहे. प्रसूतीत रक्तस्राव झाला आणि जेके-ए पॉझिटिव्ह पिशवी गेली असती, तर आठवड्याभराने तिचे हिमोग्लोबिन कोसळले असते, डोळे पिवळे झाले असते, आणि कारण कुणाच्या लक्षात आले नसते.

*सावधान:* ठरवलेल्या नावाने समजावून न सांगता येणारी एकही रिॲक्शन, कितीही फिकी असली तरी, तशीच सोडू नये.

टप्पा 6: जुळवणे आणि तीन-तीनचा नियम

न खोडलेल्या अँटिजेनच्या यादीत जो अँटिजेन रिॲक्शनशी जुळतो तो आता संशयित ठरतो. त्याला नाव देण्यासाठी त्या अँटिजेनच्या किमान तीन पॉझिटिव्ह पेशी पॉझिटिव्ह याव्यात आणि किमान तीन निगेटिव्ह पेशी निगेटिव्ह याव्यात. तीन-तीन पेशींचा असा मेळ निव्वळ योगायोगाने बसण्याची शक्यता विसात एक, म्हणजे 0.05, उरते, म्हणून हा आकडा ठरलेला आहे. वरच्या उदाहरणात दोन्ही अँटीबॉडींना प्रत्येकी दोनच पॉझिटिव्ह पेशी मिळाल्या आहेत. म्हणून स्क्रीनिंगच्या पेशींतून किंवा दुसऱ्या लॉटच्या पॅनेलमधून मोठा ई पॉझिटिव्ह पण जेके-ए निगेटिव्ह, आणि मोठा ई निगेटिव्ह पण जेके-ए डबल डोस, अशा पेशी निवडून लावाव्या लागतात. या निवडक पेशींसाठी कालबाह्य पॅनेल वापरायचे असेल तर ते आपल्या रक्तपेढीच्या लिखित पद्धतीत मान्य असले पाहिजे आणि त्या दिवशी पॉझिटिव्ह व निगेटिव्ह कंट्रोल लावूनच वापरावे.

अँटी-डी आढळल्यास एक विशेष अडचण येते. मोठा सी आणि मोठा ई असलेल्या बहुतेक पेशी डी पॉझिटिव्हही असतात, त्यामुळे त्या सर्व पॉझिटिव्ह येतात आणि मोठा सी, मोठा ई वगळता येत नाहीत. डी निगेटिव्ह पण मोठा सी पॉझिटिव्ह, आणि डी निगेटिव्ह पण मोठा ई पॉझिटिव्ह अशा पेशी मिळवाव्यात.

टप्पा 7: एन्झाइमचे पॅनेल, गरजेपुरते

पॅपेन किंवा फिसिन ही एन्झाइम लावलेल्या पेशींवर आरएच, किड, लुईस आणि पी1 यांच्या रिॲक्शन वाढतात, तर एम, एन, डफी-ए आणि डफी-बी हे अँटिजेन नष्ट होतात. मोठा व लहान एसचे वागणे अनिश्चित असते. के वर फारसा परिणाम होत नाही. वरच्या स्त्रीच्या बाबतीत एन्झाइमच्या पॅनेलमध्ये एकेरी जेके-ए असलेल्या पेशीही फिक्या पॉझिटिव्ह आल्या तर संशय पक्का होतो. मात्र एन्झाइमचे पॅनेल हे साध्या पॅनेलच्या जागी वापरू नये आणि त्याच्या निगेटिव्ह निकालावरून एमएनएस किंवा डफी कधीही खोडू नये, कारण ते अँटिजेन पेशीवर उरलेलेच नसतात.

टप्पा 8: रुग्णाच्या पेशींवरील अँटिजेन तपासणे

ज्या अँटिजेनविरुद्ध ॲलोअँटीबॉडी आहे तो रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर नसावा, हा निष्कर्षाचा स्वतंत्र पुरावा आहे. वरची स्त्री मोठा ई निगेटिव्ह आणि जेके-ए निगेटिव्ह आली पाहिजे. तशी आली नाही तर नावात चूक आहे असे धरून पाचव्या टप्प्याकडे परतावे.

गेल्या 3 महिन्यांत रक्त मिळालेल्या रुग्णात ही तपासणी भरवशाची नसते. थॅलेसेमियाची मुले दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेतात, किनवट-माहूरकडचे सिकलसेलचे काही रुग्णही वारंवार रक्त घेतात, आणि त्यांच्या नळीत कायम दात्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात. म्हणूनच अशा मुलाचे पहिले रक्त देण्याआधी आरएच, केल, किड, डफी आणि मोठा-लहान एस यांचा पूर्ण फिनोटाइप (पेशींवर कोणते अँटिजेन आहेत याची नोंद) करून ठेवावा, ही माझी सर्व सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. त्या दिवशीची एक तासाची मेहनत त्या मुलाला आयुष्यभर पुरते. संधी निघून गेली असेल तर जनुकीय तपासणीचा पर्याय मोठ्या केंद्रांकडून मिळतो.

डीसीटी पॉझिटिव्ह असेल तर कूम्ब्स टप्प्यावर वाचावी लागणारी अँटीसीरा (ज्ञात अँटीबॉडी असलेली अभिकर्मके) सर्वच पॉझिटिव्ह दाखवतात. तेथे थेट जुळवणारी आयजीएम मोनोक्लोनल अँटीसीरा वापरावीत.

टप्पा 9: सर्वच पेशी पॉझिटिव्ह आल्या तर

इथे ऑटो कंट्रोल वाट दाखवतो.

ऑटो कंट्रोल निगेटिव्ह असेल तर पहिला प्रश्न रक्तगटाचा. रुग्ण "ओ" म्हणून नोंदलेला आहे आणि ओ गटाच्या सर्व पॅनेल पेशी सामान्य तापमानाला आणि 37 अंशांवरही जोरदार जुळत आहेत, तर तो बॉम्बे गटाचा असण्याची शक्यता तपासावी. हा गट 1952 मध्ये मुंबईत प्रथम नोंदला गेला आणि महाराष्ट्रात तो अजूनही अधूनमधून भेटतो. या व्यक्तींच्या पेशींवर एच अँटिजेनच नसतो, त्यामुळे प्लाझ्मात ताकदवान अँटी-एच असते आणि ती ओ पेशी फोडते. मागच्या गटतपासणीत ओ पेशी लावली असती तर हे दुसऱ्या टप्प्यातच कळले असते. अँटी-एच लेक्टिनने (एच ओळखणाऱ्या वनस्पतिजन्य अभिकर्मकाने) रुग्णाच्या पेशी जुळल्या नाहीत की दिशा स्पष्ट होते. या रुग्णाला ओ गटाचे रक्त देता येत नाही, फक्त बॉम्बे गटाचेच लागते, म्हणून संशय येताच दुर्मीळ दात्यांचा शोध सुरू करावा, खात्रीची वाट पाहत बसू नये.

रक्तगट निर्विवाद असेल तर अनेक अँटीबॉडींचे मिश्रण किंवा बहुतेक सर्व माणसांत असणाऱ्या एखाद्या अँटिजेनविरुद्धची अँटीबॉडी, या दोन शक्यता उरतात. आधी एक सोपी गोष्ट करून पाहावी: पॅनेलच्या पेशी सलाईनने धुऊन पुन्हा लावाव्यात. काही रुग्णांचा प्लाझ्मा पेशींच्या बाटलीतील संरक्षक द्रवाशी रिॲक्शन देतो आणि धुतल्यावर सर्व काही निगेटिव्ह होते. मल्टिपल मायलोमाच्या (रक्तपेशींच्या एका कर्करोगाच्या) रुग्णात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे रूलो, ज्यात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या दिसतात आणि प्लाझ्माच्या जागी सलाईन टाकले की सुटतात. दुसरी म्हणजे डाराटुमुमॅब हे औषध, जे लाल पेशींवरील सीडी38 ला चिकटते आणि कूम्ब्स टप्प्यावर सर्व पेशी पॉझिटिव्ह करते. डीटीटी या रसायनाने पेशी प्रक्रियित केल्या तर हा अडथळा दूर होतो, मात्र केल गटाचे अँटिजेनही त्यात नष्ट होतात, म्हणून के निगेटिव्ह रक्त देणे श्रेयस्कर.

ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह असेल आणि रिॲक्शन थंड तापमानाला जोरदार असेल तर प्लाझ्मा, पेशी आणि सलाईन स्वतंत्रपणे 37 अंशांवर तापवून मगच एकत्र करण्याची प्रीवॉर्म पद्धत वापरावी. अँटी-मोठा आय आहे का हे पाहण्यासाठी ओ गटाच्या नवजात बाळाच्या नाळेतील धुतलेल्या पेशी उपयोगी पडतात, त्या फारच कमी जुळतात किंवा जुळत नाहीत, आणि प्रसूतिगृह असलेल्या रुग्णालयात त्या सहज मिळतात. प्रीवॉर्म पद्धत ही सोयीची पळवाट होऊ देऊ नये. अशक्त पण घातक आयजीजी अँटीबॉडीही तिच्यात हरवू शकते.

रिॲक्शन 37 अंशांवर आणि कूम्ब्स टप्प्यावर असेल तर उबदार ऑटोअँटीबॉडीचा विचार करावा. तिच्या आड ॲलोअँटीबॉडी दडलेली नाही ना, हाच खरा प्रश्न असतो, आणि त्यासाठी ॲडसॉर्प्शन (ऑटोअँटीबॉडी पेशींना चिकटवून प्लाझ्मातून काढून टाकणे) लागते. रुग्णाला 3 महिन्यांत रक्त मिळालेले असेल तर त्याच्याच पेशींनी ॲडसॉर्प्शन करू नये, कारण त्यात मिसळलेल्या दात्याच्या पेशी ॲलोअँटीबॉडीही ओढून घेतात. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम जमत नसेल तर नमुना वेळीच मोठ्या केंद्राकडे पाठवावा: ईडीटीएमध्ये पुरेसा नमुना, पूर्ण इतिहास, आपल्या सर्व निकालांची प्रत, आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या थैल्या, पण नळी बर्फाला टेकणार नाही अशा बेताने.

टप्पा 10: पिशवी निवडणे

आरएच, केल, डफी, किड आणि मोठा-लहान एस यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर त्या अँटिजेनची निगेटिव्ह पिशवीच द्यावी आणि ती कूम्ब्स टप्प्यापर्यंत क्रॉसमॅच करावी (रुग्णाच्या प्लाझ्माबरोबर लावून पाहावी). अँटी-लुईस, अँटी-पी1 किंवा 37 अंशांवर न दिसणारी अँटी-एम असेल तर 37 अंशांवर कूम्ब्स टप्प्यापर्यंत क्रॉसमॅच निगेटिव्ह येणारी पिशवी पुरेशी असते.

किती पिशव्या तपासाव्या लागतील हे आधी मोजावे, म्हणजे डॉक्टरांना वेळ सांगता येतो. आपल्याकडील दात्यांत जेके-ए निगेटिव्ह साधारण पाचांत एक आणि मोठा ई निगेटिव्ह साधारण 80 टक्के धरले, तर दोन्ही निगेटिव्ह असण्याचे प्रमाण 0.2 गुणिले 0.8, म्हणजे 0.16 येते, आणि दोन पिशव्यांसाठी सुमारे तेरा पिशव्या तपासाव्या लागतात. उदाहरणातील स्त्री लहान सी निगेटिव्ह असेल तर, अँटी-लहान सी वगळली गेलेली असली तरी, तिला लहान सी निगेटिव्ह पिशवी देणे मी योग्य मानतो, कारण अँटी-मोठा ई झालेल्या अशा रुग्णांत अँटी-लहान सी सोबत असणे किंवा मागाहून येणे नेहमीचे आहे. लहान सी निगेटिव्ह पिशवी जवळजवळ नेहमीच मोठा ई निगेटिव्ह असते, म्हणून हे दोन आकडे गुणू नयेत. लहान सी निगेटिव्ह साधारण 40 टक्के धरले तर 0.2 गुणिले 0.4, म्हणजे 0.08, आणि दोन पिशव्यांसाठी पंचवीस.

रुग्ण रक्तस्रावाने मरणाच्या दारात असेल तर या शोधासाठी रक्त अडवून धरू नये. परिस्थिती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि रक्त चालू असताना शोध सुरू ठेवावा.

टप्पा 11: रिपोर्ट आणि रुग्णाचे कार्ड

रिपोर्टमध्ये अँटीबॉडीचे नाव, ती कोणत्या टप्प्यावर दिसली, काय वगळले, काय वगळता आले नाही, रुग्णाचा फिनोटाइप आणि पुढे कोणती पिशवी द्यावी हे लिहावे. "वगळता आले नाही" हा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होतो, पण पुढच्या तंत्रज्ञाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

मग खिशात मावेल असे कार्ड मराठीत तयार करावे. त्यावर रुग्णाचे नाव, रक्तगट, अँटीबॉडीचे पूर्ण नाव "मोठा" किंवा "लहान" या शब्दासह, तपासणीची तारीख आणि रक्तपेढीचा फोन नंबर असावा, आणि तेच इंग्रजीतही असावे, कारण कार्ड सांगलीत किंवा बेळगावातही वाचले जाईल. ते प्लास्टिकमध्ये घालून रुग्णाच्या आणि एका नातेवाइकाच्या हातात द्यावे, कुठल्याही दवाखान्यात रक्त चढवायची वेळ आली तर आधी हे दाखवा असे सांगावे, आणि त्यांच्याकडून तेच वाक्य एकदा म्हणवून घ्यावे.